जर्मनीची धुराडी आणि मुळशीचे पाणी

काही वाक्ये अशी असतात, की ती प्रथम कोणी उच्चारली हे कोणास ठाऊक नसते; परंतु ती व्यासपीठावरून उच्चारली की टाळ्या हटकून पडतात. 'पुणे हे हिंदुस्थानातील जर्मनी होय, निदान होऊ घातलेले जर्मनी होय' या अर्थाचे वाक्य त्यांपैकीच एक आहे. कारखानदारांच्या मेळाव्यात ते ऐकू येते, पदवीदानाच्या भाषणात ऐकू येते, आणि जेवणानंतरच्या सुपारीबरोबर सुशिक्षित घरांतूनही ते चघळले जाते. पुण्याहून पौडच्या रस्त्याने मुळशीकडे निघालेल्या माणसास भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे ओलांडताना दुतर्फा कारखान्यांच्या शेडी दिसतात. त्याच तालुक्याच्या उत्तर टोकास हिंजवडी व माण येथे काचेच्या इमारती उभ्या आहेत. ज्या डोंगरांत एके काळी आंबेमोहोर भाताच्या खाचरांवाचून दुसरे काही नव्हते तेथे हे सारे पाहून 'जर्मनी, जर्मनी' असा घोष करावासा वाटला तर त्यात नवल नाही. परंतु नवल वाटणे वेगळे आणि विचार करणे वेगळे. आमचे म्हणणे असे आहे, की आम्ही जर्मनीपासून धुराडे तेवढे घेतले. ते ज्या पायावर उभे आहे तो पाया घेतला नाही. या अर्धवट अनुकरणाची किंमत कोणी भरली, हे मुळशी तालुका गेली शंभर वर्षे सांगत आहे. ते ऐकून घेण्यास मात्र कोणास सवड नाही.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडू. जर्मनीची लोकसंख्या सव्वाआठ कोटींहून थोडी अधिक, म्हणजे एकट्या महाराष्ट्राहूनही पुष्कळ कमी. तरीही २०२३ साली त्या देशाने जपानला मागे सारून जगातील अर्थव्यवस्थांत तिसरे स्थान मिळविले. इंग्लंड-फ्रान्ससारख्या शेजाऱ्यांचे कारखाने एकामागून एक रोडावत गेले असता जर्मनीच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे पंचमांश भाग अजूनही कारखान्यांतूनच येतो, आणि एकंदर उत्पन्नाच्या दोन-पंचमांशाहून अधिक किमतीचा माल व सेवा परदेशी जातात. या राष्ट्राशी पुण्याचा संबंधही नवा नाही. हँबुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली निघालेल्या कारखान्यामुळे 'टेम्पो' हा शब्द मराठीतच रूढ झाला. आज खेड्यातला भाजीवालाही तो शब्द आपलाच समजून वापरतो. पुढे पिंपरीस जर्मन पंप तयार होऊ लागले; चाकणला मर्सिडीझ आणि फोक्सवागन या दोन्ही कंपन्यांच्या मोटारी २००९ सालापासून तयार होत आहेत. तेव्हा जर्मनीचे नाव घेणारे अगदीच हवेत बोलतात असे नाही. यंत्रांशी आमचे वैर आहे असेही कोणी समजू नये. चरख्यावर देश चालवावा असे सांगण्यास आम्ही हा लेख लिहीत नाही.

आमचा प्रश्न इतकाच, की जर्मनीचे वैभव म्हणजे नेमके काय? आमच्याकडील वर्णने वाचावीत तर ऱ्हूरच्या खोऱ्यातील कोळसा व पोलाद, श्टुटगार्टच्या आसपासच्या मोटारी व यंत्रे, वोल्फ्सबुर्गची फोक्सवागन, बर्लिनात १८४७ साली जन्मलेली सीमेन्स, अशी नामावळी तेवढी आढळते. ही नावे मोठी आहेत, हे खरे. ऱ्हाइन नदीकाठी लुडविग्सहाफेन येथील रासायनिक कारखान्याचा प्रताप तर आम्ही हिंदी लोकांनी स्वतःच्या अंगावर सोसला आहे. त्या कारखान्याने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत बिहारातील निळीची शेते ओस पडली. शेतात पिकणारा रंग प्रयोगशाळेत तयार करता येतो, हे ज्यांनी जगास दाखविले त्यांच्या बुद्धीस नमस्कार असो. परंतु या मोठ्या नावांच्या पाठीमागे जो खरा जर्मनी आहे तो आमच्या वर्णनांत येत नाही. त्या देशातील शंभरांपैकी नव्याण्णवाहून अधिक उद्योग लहान किंवा मध्यम आहेत. त्यांतील पुष्कळ एकेका कुटुंबाच्या मालकीचे, पिढ्यान् पिढ्या चालत आलेले, आणि राजधानीत नव्हे तर आमच्या पौड-घोटवड्यासारख्या आडगावी वसलेले आहेत. कोणी एकाच जातीचा स्क्रू तयार करतो, कोणी एकाच जातीची झडप. आणि त्या एका वस्तूसाठी सारे जग त्याच्या दाराशी येते. झोलिंगेन गावच्या सुऱ्या-कात्र्या शतकानुशतके प्रसिद्ध आहेत, त्या काही धुराड्याच्या उंचीमुळे नव्हेत. पाते घासणाऱ्याच्या हातामुळे त्या प्रसिद्ध आहेत.

हा हात तयार कसा होतो? येथेच त्या राष्ट्राचे मर्म आहे. आमच्या मते ते तीन गोष्टींत साठविलेले आहे.

पहिली गोष्ट उमेदवारी. शाळा संपविलेला जर्मन मुलगा किंवा मुलगी एखाद्या कारखान्याशी लेखी करार करून उमेदवार म्हणून लागते. आठवड्यातील तीन-चार दिवस कारखान्यात काम आणि एक-दोन दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेत अभ्यास, असा क्रम दोन ते साडेतीन वर्षे चालतो. या काळात उमेदवारास कारखान्याकडून वेतन मिळते. असे तीनशेंहून अधिक धंदे कायद्याने मान्य केलेले आहेत, आणि प्रत्येकाचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. परीक्षा कारखान्याचा मालक घेत नाही. त्या प्रांताचे व्यापारी किंवा कारागीर मंडळ घेते, म्हणून ते प्रमाणपत्र देशभर चालते. याच्याही वरची पायरी 'माइस्टर', म्हणजे उस्ताद. उस्तादाची परीक्षा उतरलेला सुतार किंवा विजेचा कारागीर स्वतःचे दुकान थाटतो, नवे उमेदवार तयार करतो, आणि गावात त्यास वकील-डॉक्टरांच्या पंक्तीस बसण्यात संकोच वाटत नाही. या पद्धतीतही दोष आहेत. दहा-अकरा वर्षांच्या कोवळ्या वयातच मुलांच्या वाटा वेगळ्या करून टाकणाऱ्या तेथील शाळांवर खुद्द जर्मन शिक्षणतज्ज्ञच टीका करीत आले आहेत. तरीपण हाताच्या कामास शास्त्र आणि मान ही दोन्ही एकदम देण्याची युक्ती त्या राष्ट्रास साधली, हे कबूल केलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट कामगाराचा शब्द. ज्या ठिकाणी पाच माणसे कायम कामावर आहेत तेथे आपले कामगारमंडळ निवडण्याचा हक्क जर्मन कायदा देतो. कामाच्या वेळा, सुट्ट्या, कामावरून कमी करणे अशा बाबींत या मंडळास विचारल्यावाचून मालकास पुढे जाता येत नाही. इतकेच नव्हे, तर १९५१ साली कोळसा व पोलाद या धंद्यांत, आणि १९७६ सालच्या कायद्याने दोन हजारांहून अधिक नोकर असलेल्या सर्व मोठ्या कंपन्यांत, देखरेख-मंडळाच्या निम्म्या जागा नोकरवर्गाच्या प्रतिनिधींस मिळाल्या. बरोबरी झाल्यास अध्यक्षाचे जादा मत निर्णायक ठरते आणि तो अध्यक्ष बहुधा भांडवलाच्या बाजूचा असतो, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. परंतु कंपनीचे हिशेब ज्या टेबलावर मांडले जातात त्या टेबलाशी लेथवर काम करणाऱ्या माणसाची खुर्ची आहे, हा फरक लहान नाही.

तिसरी गोष्ट जीविताची हमी. बिस्मार्क हा काही गरिबांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांना तो पाण्यात पाहत असे. पण त्यानेच १८८३ साली आजाराचा, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली वार्धक्याचा विमा कामगारांसाठी सुरू केला. अपघाताच्या विम्याचा सारा भार मालकांवर आहे, आणि धंद्याधंद्याचे विमासंघ आपले स्वतःचे तपासनीस कारखान्यांतून हिंडवितात. ज्या धंद्यात माणसे अधिक जायबंदी होतात त्या धंद्यास वर्गणी अधिक. म्हणजे कामगाराचे बोट तुटणे हा मालकाच्याही खतावणीतला खर्च झाला. दयेने जे होत नाही ते हिशेबाने होते, हे त्या धूर्त मुत्सद्द्याने ओळखले होते.

ही तीन परिमाणे हाती घेऊन आता मुळशीकडे येऊ.

मुळशीत आधुनिक उद्योगाने पहिले पाऊल टाकले ते कारखान्याच्या रूपाने नव्हे; धरणाच्या रूपाने. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज पुरवावी यासाठी टाटांनी खोपोलीस व भिवपुरीस सह्याद्रीच्या माथ्यावरील पाणी खाली सोडण्याची योजना केली होती. तिसरी योजना निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याची. भूमिसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यान्वये सरकारने खोऱ्यातील जमिनी कंपनीस मिळवून देण्याचे ठरविले. शेतकऱ्यांची परवानगी न घेताच शेतांतून चर खणण्यास आरंभ झाला, आणि सुमारे पन्नास गावांवर संकट कोसळले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे स्त्री-पुरुष कामाच्या जागी जाऊन बसले आणि काम बंद पडले. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे यांनी चालविलेला हा लढा थांबत-थांबत १९२४ अखेरपर्यंत चालला. बापटांस 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली आणि सात वर्षांचा कारावासही याच लढ्याने दिला. धरण पुरे झाले. १९२७ साली घाटाखाली भिरा येथील वीजगृह चालू झाले. गावे गेली ती गेलीच.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बापट हे यंत्रांना भिणारे गृहस्थ नव्हते. यंत्रशास्त्र शिकण्यासाठीच शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोस गेले होते. वीज नको असे त्यांचे म्हणणे नव्हते. ज्याची जमीन बुडते त्याला विचारल्यावाचून ती बुडविता येते काय, हा त्यांचा प्रश्न होता. आणि त्या वेळी या प्रश्नाचे 'होय, येते' असे उत्तर देणाऱ्यांत केवळ गोरे अधिकारी नव्हते. खोऱ्यातील पुष्कळ जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावे झालेल्या होत्या. कसणारा मावळा, धनी पुण्याचा. मोबदल्याची रक्कम चांगली येते असे दिसताच धन्याचा उत्साह मावळला, पुढाऱ्यांत दोन तट पडले, आणि धरणाला विरोध करण्याऐवजी मोबदला वाढवून मागावा असा शहाणपणाचा सल्ला मावळ्यांस मिळू लागला. उद्योगधंदा म्हणजे राष्ट्रकार्य आणि राष्ट्रकार्यासाठी कोणी तरी त्याग केलाच पाहिजे, हे तत्त्वज्ञान तेव्हाही होते. फक्त तो त्याग कोणी करावयाचा हे ठरविणाराच्या घरात पाणी शिरणार नव्हते. आमच्या वर्गाच्या वाडवडिलांचे हे वर्तन झाकून ठेवून आम्ही जर्मनीवर प्रवचन केले तर ती शुद्ध अप्रामाणिकता होईल.

कोणी म्हणेल, की जर्मनीत गावे उठविली जात नाहीत काय? उठविली जातात. गार्त्स्वाइलर येथील तपकिरी कोळशाच्या खाणीसाठी ल्युत्सेराट हे खेडे जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांच्या बळावर रिकामे करण्यात आले, ते साऱ्या जगाने पाहिले. अपघात होत नाहीत काय? मुळशीत सत्याग्रह सुरू झाला त्याच साली, २१ सप्टेंबर १९२१ रोजी, लुडविग्सहाफेनजवळ ओपाऊ येथील खताच्या कारखान्यात स्फोट होऊन पाचशेंहून अधिक माणसे मेली. फसवणूक होत नाही काय? मोटारींच्या धुराची चाचणी चुकविणारी यंत्रणा बसविल्याचे फोक्सवागनचे पितळ २०१५ साली उघडे पडले. जर्मनी हा देवांचा देश नव्हे, आणि आम्हांस तेथे देव्हारा मांडावयाचाही नाही. परंतु त्याच देशात दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली तेव्हा खाणकामगारांस अचानक रस्त्यावर न टाकता, वर्षानुवर्षे आधीपासून ठरवून, वयस्करांस निवृत्तीचे व इतरांस दुसऱ्या कामाचे दार उघडून ती बंद करण्यात आली. कोळशाची वीज २०३८ पर्यंत संपविण्याचा कायदा २०२० साली झाला, तेव्हा कोळशाच्या प्रदेशांसाठी चाळीस अब्ज युरोंपर्यंतची तरतूद त्याच्या बरोबरच झाली. म्हणजे, ज्या मातीने राष्ट्राला ऊर्जा दिली तिचे राष्ट्र देणे लागते, हे तत्त्व तेथे कायद्याच्या पुस्तकात शिरले. आमच्याकडे १८९४ चा तो कायदा जाऊन नवा येण्यास २०१३ साल उजाडावे लागले. आणि तो येईपर्यंत मुळशीच्या विस्थापितांची तिसरी-चौथी पिढी म्हातारी झाली.

मुळशीच्या पाण्याचा पुढील इतिहासही उद्बोधक आहे. पूर्वेस वाहून पुण्यावरून भीमा-कृष्णेस मिळावयाचे ते पाणी बोगद्यांतून व नळांतून पश्चिमेस कोकणात उतरते, भिऱ्याची चक्रे फिरविते आणि कुंडलिकेतून समुद्रास मिळते. ज्या गिरण्यांच्या नावाने हे सारे झाले त्यांना १९८२ च्या संपानंतर टाळी लागत गेली. आज त्यांच्या जागेवर उंच इमारती व दुकानांचे बाजार आहेत. गिरण्या गेल्या तरी पाण्याची दिशा काही बदलली नाही. हे पाणी पूर्वेकडे वळवून पुण्याच्या नळांना द्यावे अशी मागणी अधूनमधून उठते. तिच्या तांत्रिक गुणदोषांत आम्ही शिरत नाही. परंतु त्या वादातही एका बाजूस मुंबईची वीज आणि दुसऱ्या बाजूस पुण्याची तहान असे दोनच पक्ष दिसतात. काठावर राहिलेल्या मुळशीकराचा तिसरा पक्ष कोणाच्या खिजगणतीत नसतो.

पाण्यानंतर जमीन गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हिंजवडी-माणच्या माळांवर संगणक-उद्योगांची वसाहत उभी राहू लागली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतील काहींच्या हाती पुष्कळ पैसा आला, हे खरे आहे. पण पैसा म्हणजे धंदा नव्हे. शेत विकून आलेली रक्कम घर, मोटार आणि लग्नकार्ये यांत किती झपाट्याने विरघळते, हे त्या गावांत हिंडणारा कोणीही सांगेल. ज्या इमारतीखाली आजोबांचे शेत आहे तिच्या फाटकाशी नातू पहारेकऱ्याच्या पोशाखात उभा, हे चित्र आम्ही पाहिले आहे. पहारेकऱ्याच्या कामास आम्ही हीन मानत नाही. पण फाटकाच्या आतील विद्या त्याच्यापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणावरच नाही, हे मात्र हीन आहे.

आणि जमिनीनंतर माणसे गेली. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे एका रासायनिक कारखान्यास आग लागली आणि पंधराहून अधिक कामगार आत होरपळून मेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. धरणाविरुद्धच्या सत्याग्रहास त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती! भोपाळच्या अनुभवानंतर १९८७ साली कारखाने-कायद्यात एक कलम घातले गेले, की धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या प्रत्येक कारखान्यात मालक व कामगार यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा-समिती असावी. कायदा अगदी जर्मन! परंतु जी बाई घरची भाकरी बांधून रोज कंत्राटाच्या कामावर येते तिला या समितीचे नाव तरी कोणी सांगते काय? जर्मनीतही ओपाऊ घडले हे आम्ही वर सांगितलेच आहे. फरक असा, की तेथे विमासंघाचा तपासनीस स्वतःची थैली हलकी होईल या भीतीने पुन्हा-पुन्हा दारात येतो. आमच्याकडे आग विझली, मदत जाहीर झाली, की प्रकरण संपते.

यावर ठरीव आक्षेप तीन येतात. पहिला असा, की आमच्या लोकांस कौशल्य नाही, मग कारखानदाराने काय करावे? याचे उत्तर असे, की जर्मन मूलही आईच्या पोटातून टर्नर म्हणून जन्मास येत नाही. आमच्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालीच झाला. तो आजही लागू आहे. न्यून कायद्याचे नाही. उमेदवार म्हणजे स्वस्त मजूर अशी समजूत करून घेणाऱ्या कारखानदाराचे ते न्यून आहे, आणि तेवढेच ते आमचेही आहे. आमच्या घरातील मुलगा परीक्षेत कच्चा निघाला तरच त्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत घालण्याचा विचार होतो, तोही शेजाऱ्यास न कळेल अशा बेताने. जर्मन भाषेच्या वर्गांना आम्ही हौसेने मुले धाडतो. त्या भाषेतील 'माइस्टर' या शब्दामागील आदर मात्र घरात शिरू देत नाही. लोहार, सुतार, तांबट यांना शतकानुशतके पंक्तीबाहेर बसविणाऱ्या समाजाने 'आमच्यात जर्मनांसारखी कारागिरी का नाही' असे विचारावे, यासारखा विनोद नाही.

दुसरा आक्षेप असा, की कामगारास मंडळावर बसविले तर भांडवल पळून जाईल. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आमच्या राज्यघटनेचे त्रेचाळीस-अ हे कलम वाचावे. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा यासाठी राज्याने पावले टाकावीत, असे ते सांगते; आणि ते घालणारी घटनादुरुस्ती १९७६ ची, म्हणजे जर्मनीच्या त्या कायद्याच्याच सालची. एकाच वर्षी दोन राष्ट्रांनी एकच इच्छा लिहून ठेवली. एकाने तिचा कायदा केला, दुसऱ्याने सुभाषित. आणि ज्या जर्मन कंपन्या आपल्या देशी कामगारांशेजारी मंडळावर बसतात, त्यांना चाकणचा कामगार शेजारी चालणार नाही असे मानण्यास काय आधार आहे? आम्ही ते मागितलेच नाही, हे खरे कारण आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत ताजा. खुद्द जर्मनीच आता घसरणीस लागली आहे. २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे तिची अर्थव्यवस्था आकसली. मग तिची शिकवण कशास हवी? घसरण खरी आहे. रशियाच्या स्वस्त वायूवर विसंबणे अंगाशी आले, चीनच्या विजेच्या मोटारींनी बाजार काबीज केला, आणि जुन्या वैभवात रमलेल्या मोटार-कंपन्या उशिरा जाग्या झाल्या. हे सर्व सांगून आम्ही उलट असे म्हणतो, की पडत्या काळातच घराची तुळई पारखली जाते. फोक्सवागनने कारखाने बंद करण्याची भाषा काढली तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी व कामगारसंघटना यांनी दीर्घ वाटाघाटी करून करार केला: २०३० पर्यंत पस्तीस हजारांहून अधिक जागा कमी व्हावयाच्या, पण कोणासही सक्तीने काढून टाकावयाचे नाही. हा करार गोड नाही. परंतु तो दोघांनी मिळून घेतलेला कडू काढा आहे. आमच्याकडे असा प्रसंग आला तर सकाळी फाटकावर लागलेल्या कागदानेच कामगारास आपले भविष्य कळते.

तेव्हा ज्यांना मुळशीचे जर्मनी करावयाचे आहे त्यांनी ते अवश्य करावे; पण पुरते करावे. तालुक्यातील प्रत्येक कारखान्याने किती स्थानिक मुलामुलींस पगारी उमेदवार म्हणून घेतले आणि त्यांतील किती परीक्षा उतरली, हा आकडा दरवर्षी पौडच्या तहसील कचेरीच्या फळ्यावर लागावा. सुरक्षा-समितीतील कामगारांची नावे कारखान्याच्या दारावर, कंत्राटी बाईस वाचता येतील अशा मराठी अक्षरांत असावीत. मुळशीच्या पाण्याचा वाद जेव्हा जेव्हा निघेल तेव्हा काठावरच्या गावांची खुर्ची आधी मांडावी आणि मग मुंबई-पुण्याच्या. आणि आमच्या वाचकांपुरते सांगावयाचे तर, ज्याने आपल्या घरातला नळ, विजेची तार किंवा दार बसवून दिले त्या कारागिराचे नाव निदान आपणांस ठाऊक असावे, आणि आपल्या मुलाने ती विद्या शिकतो म्हटले तर त्यास अडवू नये. यातील एकाही गोष्टीस परकीय भांडवल लागत नाही.

हे करावयाचे नसेल तर जर्मनीचे नाव घेणे सोडून द्यावे. दुसऱ्याचे पाणी, दुसऱ्याची जमीन आणि दुसऱ्याचे हात वापरून उभारलेल्या शेडींना एखाद्या राष्ट्राचे नाव दिल्याने त्यांचे राष्ट्र होत नाही. मुळशीकराने १९२१ साली विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे: आम्हांस विचारले काय? ज्या दिवशी त्याचे उत्तर 'होय' असे प्रामाणिकपणे देता येईल, त्या दिवशी मुळशीस जर्मनी म्हणण्याची गरजच उरणार नाही. तिचे स्वतःचे नाव पुरेसे मोठे होईल.